ओ आधी, हाक नंतर

नाही, पण मी म्हणतो, एक गिटार आणायला अख्खं घर कशाला लागतं? रेशनला मी एकटा जातो, रॉकेलच्या रांगेत मी एकटा उभा राहतो, तेव्हा कुणाला माझी सोबत करावीशी वाटत नाही, आणि गिटार म्हटल्यावर सगळे चपला घालून दारात! आबा, म्हणजे आमचे वडील, महाळुंग्याहून पहिल्या एस.टी.नं आले, डोक्याला कोरा फेटा. म्हटलं, आबा, फेटा कशाला? "वाद्य घरात आनायचं म्हंजी सून आनायची, मारुती. मोकळ्या डोक्यानं जात्यात व्हय?" धाकटा भाऊ भैरू पेटी वाजवतो, तर तो पेटी डोक्यावर घेऊनच आला! का, तर म्हणे, "दादा, सूर नको का द्यायला?" आमची विमल... तिचा गळा असा की बंबात पाणी ओतताना तिनं ओवी म्हटली, की खालच्या तानुबाई लाटणं हातात धरून ऐकत बसतात आणि तव्यावरची भाकरी करपते. आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीला धरून, कस्तुरा. आमची मुलगी. जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती. तोंडातून एक शब्द नाही! साधी गिटार घ्यायची होती हो, तुम्हाला सांगतो!

तिचं आधी सांगतो, म्हणजे कळेल. आमचं घराणं गाणारं, पिढ्यान् पिढ्या भजनाचं. आबांचा पखवाज चाकणच्या पलीकडे माहीत आहे. मला विचाराल तर मी कंपनीत इन्स्पेक्शनला, लोखंडातला केसाएवढा फरक मला बोटाला कळतो, सुरातला कळत नाही, म्हणून माझ्याकडे टाळ. पण कस्तुरा लहान होती ना, नुकती शाळेत जायला लागलेली, तेव्हा एकदा भजनात मोठ्या हौसेनं बसली आणि गायला लागली. आबांनी पखवाजावरचा हात थांबवला. एवढंच म्हणाले, "पोरीला जरा बाजूला बसवा. सूर फुटतोय." रागानं नाही हो, सहज! पण त्या दिवसापासून ही पोरगी गायली नाही. घरात सगळे गाताहेत, भिंती गाताहेत, आणि ही कोपऱ्यात गुडघ्यावर हनुवटी टेकून गप्प. मी बाप आहे, मला ते दिसायचं. आणि मग, आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली, कंपनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला. त्यात एक बेलबॉटमवाला गिटार वाजवत होता. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, मला ते पाहिजे." जन्मात पहिल्यांदा तिनं काही मागितलं! मी ठरवलं, आकाश कोसळलं तरी गिटार येणार. मग आता कोसळलं तर तक्रार कुणाकडे करू?

पिंपरीत मंडईच्या मागे मीरासाहेबांचं दुकान. पेटीचे भाते बदलून देतात, बँडवाल्यांची क्लॅरिनेटं दुरुस्त करतात, आणि भिंतीवर गिटारी टांगलेल्या. आता कुणीही काय करेल? हातात घेईल, तार छेडून बघेल. पण नाही! आमच्या घराण्याची रीत आहे. वाद्याला आधी हात लावायचा नाही. आधी हाक मारायची. घरातल्या मोठ्या माणसानं वाद्यासमोर बसायचं, हात पाठीमागे, आणि पोटातून सा लावायचा. वाद्य आपणहून घुमलं, त्यानं ओ दिली, की ते आपलं. नाही दिली, रामराम! पखवाज असाच आला, वीणा अशीच आली. यात भुताटकी नाही हं. तार सुरात असली की घुमतेच. आमच्या शॉपमध्ये प्रेस सुरू झाला की पलीकडच्या टेबलावरचे मापाचे गेज थरथरतात. शास्त्र आहे. इथपर्यंत शास्त्र आहे.

तर आबा दुकानात जमिनीवर मांडी घालून बसले, आणि भर बाजारात, सकाळच्या गर्दीत, लावला सा! सायकलवाले थांबले, मंडईतल्या बायका टोपल्या घेऊन आत डोकावल्या, भैरूनं पेटीवर सूर धरला, आणि गिटारी? ढिम्म. आबा म्हणाले, "मुक्या हायती." मीरासाहेब बिचारे गरीब माणूस, म्हणाले, "आबा, नवा माल आहे, तारा ढिल्या ठेवूनच येतो. मी चढवून देतो ना." आबा म्हणाले, "नगं. ज्याला हाक कळत न्हाई त्याला कान पिळून काय उपेग?"

मग कोपऱ्यात एक काळपट, जुनी गिटार दिसली. आबा बसल्या बसल्या तिच्याकडे वळले, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि... हुंऽऽऽ. आणि मग आबांचा सा. तोच. डिट्टो. टाळ्या पडल्या हो बाजारात! "दिली! ओ दिली!" भैरू नाचायला लागला. मी म्हटलं, थांबा, थांबा. आधी काय झालं? नोकरीच माझी ती, आधी काय आणि मग काय ते बघायची. म्हटलं, आबा, ओ आधी आली. तुमची हाक नंतर. तर भैरू म्हणतो, "दादा, तू टाळसुद्धा मागून वाजवतोस, तुला काय कळतंय आधी नि नंतर!" हशा! सगळे हसले. मीरासाहेब हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मारुतराव, ही नका नेऊ. दुसरी कुठलीही न्या." म्हटलं, का, बिघडलीय? "नाही ना. दिली की परत येते." म्हटलं, पण बिघाड काय? तर म्हणाले, "बिघाड असता तर मी दुरुस्त केला नसता का?"

ऐकलंत? तिथंच परत फिरायला हवं होतं. पण मागं बघतो तर कस्तुरानं ती गिटार छातीशी धरलेली. डोळे मिटलेले. आता तिच्या हातातून ती कोण काढणार? तुम्ही काढली असती? साधी गिटार घ्यायची होती हो, तुम्हाला सांगतो!

आणली घरी, संत तुकाराम नगरात. खुंटीला टांगली. संध्याकाळी सगळे चहा पीत बसलोय, गिटार आपली म्हणाली, हुं. आणि कुकरची शिट्टी झाली. कुणाचं लक्ष नाही. माझं होतं. सकाळी पुन्हा हुं, जरा जाड, आणि कंपनीचा भोंगा. हुं, किनरं, आणि खालून, "ओ विमलबाईऽऽ, विरजण आहे का?" म्हणजे ज्याचा आवाज यायचा असेल, त्याच्याच सुरात ही आधी ओ देऊन मोकळी! मी तर त्या खुंटीखालून जाणंच सोडलं. आणि विमल? तिला भीती वाटायला हवी की नाही? चार दिवसांत सरावली! "ऐकलंत का, गुरगुरली बघा. नळ येणार." आणि खरंच, ही बादली लावते न लावते तोच नळ गुरगुरायचा. इमारतीत सगळ्यांच्या आधी आमची पिंपं भरलेली! एकदा गिटार भैरूसारखी खोकली. विमलनं मुकाट्यानं भाताला वाटीभर तांदूळ वाढवले, आणि जिन्यात खोकला. मी म्हटलं, अगं, हे बरं नाही. तर म्हणते, "तुमच्या घरात निदान कुणीतरी वेळेवर ओ देतंय!"

इथपर्यंतही ठीक होतं हो. पण मग एका गुरुवारी... गुरुवार नक्की, कारण कंपनीला सुट्टी, मी घरात. टळटळीत दुपार. गिटार घुमली. आजवर कधी घुमली नव्हती अशी. उंच, बारीक, लांबच लांब... पाण्याखालून कुणी गावं तशी. मी उठून बसलो. आता काय येणार? कुकर धुऊन पालथा घातलेला. भोंग्याला सुट्टी. विमलनं गॅलरीतून वाकून विचारलं, "तानुबाई, तुम्ही हाक मारणार होता का?" "नाही बाई. का?" "काही नाही, सहज." वाट बघितली. संध्याकाळ झाली. काही आलं नाही. ओ दिलेली, आणि हाकच नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर, पण विमलनं ऐकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आणि दर वेळी जरा जवळून. गिटार तिथंच खुंटीला, पण आवाज जवळून. आता हे मी इन्स्पेक्शनला कुठल्या गेजनं मोजू?

आबांना बोलावलं. आबांनी ऐकलं आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. माझ्या आठवणीत ते फक्त मयताला फेटा काढतात. म्हणाले, "हाकामारी."

तुम्हाला ठाऊकच आहे. लहानपणी आपल्या सगळ्यांना सांगितलेलं असतं, की हाकामारी नाव घेऊन बोलावते, ओळखीच्या आवाजात, आणि जो ओ देतो तो गेला. म्हणून गावाकडं एका हाकेला कुणी ओ देत नाही. आबा म्हणाले, "आपून समदी तोंड मिटून बसतो, आन् हे लाकूड आपल्या घरातनं तिला ओ देऊन बसलंय! आता नुसती तिची हाक यायची बाकी हाय." मी म्हटलं, आबा, शास्त्र... तर म्हणाले, "उद्याच्याला परत करा."

"नाही."

आम्ही सगळे इकडंतिकडं बघतोय, कोण बोललं? कस्तुरा! खुंटीखाली उभी. "आबा, ओ दिली की वाद्य आपलं, असं तुम्हीच म्हणता."

"आगं, मला दिली हुती ती ओ!"

"मग आता तुमच्या सुरात का देत नाही?"

आबांना या घरात असं कुणी बोललेलं नाही हो. मला वाटलं, आता पोरीची गिटार तर गेलीच, वर पोरगीही पुन्हा कोपऱ्यात जाणार, आणि या वेळी कायमची. म्हणून मीच मध्ये पडलो. म्हटलं, आबा, उद्या दुपारी सगळे बसू. हाक आली आणि ती आपल्यातल्याच कुणाची निघाली, तर गिटार राहील. नाहीतर मी स्वतः परत करून येतो. आबांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. म्हणाले, "आन् हाक आली, ती आपल्यातली नसली, तर परत करायला तू ऱ्हाशील का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. साहेब विचारतो, कारण काय? काय सांगू? घरी हाक येणार आहे? पोट बिघडलंय म्हणून ठोकून दिलं! घरी आबांनी फेट्याचा शेव तोंडाला गुंडाळलेला. भैरूनं दोन्ही गालांत सुपारी कोंबलेली. विमलच्या तोंडात पदर. माझे दोन्ही हात तोंडावर, चुकून ओ निघायला नको. पाच माणसं भर दुपारी गोल करून बसलीत, दाराला कडी, खाली तानुबाईंचा रेडिओसुद्धा बंद पडलेला. शेजारी बघते तर काय म्हणाले असते? साधी गिटार घ्यायची होती हो...

आणि घुमली. तोच उंच सूर. थांबेना. पितळेची भांडी फळीवर किणकिणायला लागली. आणि तुम्हाला सांगतो, हसू नका, मला ओ द्यावीशी वाटायला लागली. कुणीतरी मला, माझ्या आईच्या आवाजात... आई जाऊन किती वर्षं झाली! मी तळहाताला चावलो. भैरूच्या डोळ्यांतून पाणी. आबांची मान डुगडुगायला लागली.

आणि सूर थांबला. आणि मग हाक आली.

कस्तुरा गात होती. डोळे मिटून, ताठ बसून. तोच सूर, तोच, पण जिवंत! कुठं फुटणं नाही, हलणं नाही, तारेसारखा सरळ. आमच्या घरात असा आवाज पिढ्यान् पिढ्यांत लागला नव्हता. आबांनी तोंडावरचं कापड ओढून काढलं आणि पोरीचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "माज्याच कानात मळ हुता गं बाय!" भैरू सुपारी थुंकायला धावला, विमल हसतेय आणि रडतेय, खालून तानुबाई ओरडल्या, "विमलबाई, आज कुठल्या पट्टीत गायलात?" म्हणजे इतके दिवस ती गिटार माझ्या पोरीलाच ओ देत होती, तिनं गायच्या आधीच! सुटलो म्हटलं. गिटार राहिली. आबा जाताना तिला नमस्कार करून गेले.

झालं ना? संपलं ना? मग मी गप्प बसावं की नाही? पण नाही, सवय! संध्याकाळी कस्तुरा गिटार मांडीवर घेऊन बसली होती, मी कौतुकानं म्हटलं, बरं झालं बाई, हाक तुझीच निघाली.

ती म्हणाली, "बाबा, मी हाक नाही मारली. मी ओ दिली."

...

म्हटलं, कुणाला?

"तिला. रोज मारायची ती हाक. तुम्हाला कुणाला ऐकू येत नव्हती. गिटार एकटीच ओ द्यायची बिचारी. आज मी दिली."

आता सांगा, बापानं काय करावं? आबांना सांगितलं तर गिटार जाणार, आणि गिटारीबरोबर गाणं. आणि पोरगी आता गाते हो! सकाळी गाते, शाळेतून आली की गाते, जेवते नीट, हसते. मधूनच थांबून कान देते, मान डोलावते, आणि पुन्हा गाते. मी घरात कुणाला बोललो नाही. तुम्हाला म्हणून सांगतोय. फक्त एकदा धीर करून विचारलं, की बाळ, ती... काय म्हणते गं?

कस्तुरानं कान दिला. म्हणाली, "म्हणते, बाबांना सांग, तिसरी तार गंजलीय. आणि स्वस्तातली आणू नका."

तर निघालोय, राव. मीरासाहेबांकडे. तार आणायला. चांगल्यातली.