कोणी उतरायचं नाही

नाव: सुईताई. शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळून पाहत नाही.
वय: बावन्न वर्षे.
धंदा: शिवणकाम, कपडे सैल करून व आवळून देणे. (आधी 'गृहिणी' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले.)
राहणार: बाजारामागची गल्ली, घड्याळवाल्याच्या दुकानावर, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी माझ्या यजमानांसह राहते. आम्हाला एक मुलगी असून ती सासरी असते. यजमान चार संस्थांचे अध्यक्ष आहेत. घरीदारी त्यांना अध्यक्ष असेच म्हणतात, ठाण्यात आल्यापासून इथेही म्हणू लागले आहेत, म्हणून जबाबात मीही तसेच म्हणते.

आज सकाळी आम्ही गरम हवेच्या फुग्यात बसून नदीकाठचे तीन किल्ले पाहण्यास गेलो. बरोबर आमच्या लेकीच्या सासूबाई, म्हणजे विहीणबाई, होत्या. या प्रवासात मी तिसऱ्या किल्ल्याच्या गच्चीवर राहिले आणि फुगा पुढे गेला. फुगा चालवणाऱ्याने मला तिथे टाकून दिले व अध्यक्षांच्या जिवाशी खेळ केला, अशी अध्यक्षांची तक्रार आहे. तक्रारीत त्याला 'फुगेवाला' म्हटले आहे. फुगेवाला बागेच्या दारात उभा असतो. हा पायलट आहे, त्याने तशी परीक्षा दिलेली आहे. तो दुपारपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे आणि त्याचा परवाना मोठ्या साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी आहे. तो परवाना त्याला परत मिळतो की जातो हे आता माझ्या जबाबावर आहे, असे हवालदारांनी मला सांगितले. अध्यक्षांनीही मला तेच सांगितले, पण वेगळ्या आवाजात.

प्रवासाचे कारण विचारल्यावरून सांगते की, अध्यक्षांच्या चार संस्थांपैकी एक किल्ले बचाव समिती आहे. किल्ल्यांवर त्यांची पुष्कळ भाषणे झाली, पण किल्ल्यावर त्यांचे पाऊल कधी पडले नाही, कारण किल्ल्याला पायऱ्या असतात. फुग्यात पायऱ्या नसतात असे कळल्यावर त्यांनी लगेच जायचे ठरवले. विहीणबाईंना न्यायचे कारण असे की, लेकीच्या सासरी आमचा रुबाब राहावा. मला न्यायचे कारण मी विचारले नाही. पिशवी धरायला कोणीतरी लागतेच.

फुगा सुटतो त्या मैदानावर एक लहान खोली आहे. तिथल्या बाईंनी प्रत्येकाला काट्यावर उभे राहायला सांगितले. विहीणबाई उभ्या राहिल्या, मी उभी राहिले. अध्यक्ष उभे राहिले नाहीत. काट्याचा आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर दिसत होता आणि विहीणबाई भिंतीकडेच पाहत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, आमचं वजन अख्ख्या शहराला माहीत आहे."

त्या बाई म्हणाल्या, "मला शहराचं नको, साहेब. मला किलोत पाहिजे."

अध्यक्ष म्हणाले, "लिहा अठ्ठ्याहत्तर."

अठ्ठ्याहत्तर किलोचे अध्यक्ष मी लग्नात पाहिले होते. गेल्या वर्षभरात त्यांच्या पँटी मी तीनदा सैल केल्या आहेत, आता उसवायला शिवणीत कापडच उरलेले नाही. मी त्या बाईंना तसे सांगायला हवे होते, असे हवालदार म्हणाले. बरोबर आहे. पण अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले आणि मी विहीणबाईंची शाल नीट करू लागले. तेवढ्यात पायलटने हाक मारली व आम्ही टोपलीत चढलो. आत चौघे होतो. पायलटने निघण्यापूर्वी एकच गोष्ट दोनदा सांगितली, ती अशी: "मी सांगेपर्यंत कोणी उतरायचं नाही. जमिनीला टेकलो तरी नाही. एक माणूस उतरला की बाकीचे बंदुकीतून सुटल्यासारखे वर जातात." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. अध्यक्षांनीही डोलावली, पण ती फोटो काढणाऱ्याकडे बघून.

वर गेल्यावर फार छान वाटले. हे तपासाला उपयोगी नाही असे हवालदार म्हणतात, तरी लिहून घ्यावे. आगीचा झोत थांबला की इतके शांत होते की खालचे कुत्रे भुंकलेले ऐकू येते. अध्यक्ष बोलत असल्यामुळे मला ते फार वेळ ऐकता आले नाही.

पहिला किल्ला आला तेव्हा अध्यक्षांनी विहीणबाईंना सांगितले, "हा आपण वाचवला." वरून पाहता किल्ल्याचा फक्त दरवाजा आणि त्याच्या दोन बाजूंची भिंत रंगवलेली होती. मागे छप्पर खाली बसले होते व त्यातून एक मोठे झाड वर आले होते. रस्त्यावरून हे दिसत नाही. विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, आत बागसुद्धा केलीत का!" त्या हे मनापासून म्हणाल्या की कसे, ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्या किल्ल्याच्या वेळी अध्यक्ष दुसऱ्या बाजूला बोट दाखवून नदीविषयी बोलले.

त्यानंतर पायलट बेचैन दिसू लागला. तो सारखा आगीचा झोत सोडत होता, तरी फुगा वर जाईना. तो म्हणाला, "साहेब, जड वाटतंय. वजनं बरोबर सांगितलीत ना सगळ्यांनी?"

यावर अध्यक्षांनी मला विचारले, "तू सकाळी काही खाल्लंस का?"

मी म्हटले, "टोस्ट."

अध्यक्ष पायलटला म्हणाले, "बघा." आणि त्यांनी दोन्ही हात असे पसरले की टोस्टचा प्रश्न मिटला.

पायलट म्हणाला की गॅस ठरल्यापेक्षा जास्त जळाला आहे, तिसरा किल्ला राहू द्या, समोरच्या मोकळ्या माळावर उतरून घेऊ. जागा चांगली होती, मलाही दिसत होती. परंतु तिसऱ्या किल्ल्याखाली समितीची मंडळी फलक घेऊन उभी होती. अध्यक्ष म्हणाले, "त्यांना मी काय तोंड दाखवू? चला पुढे. तुझ्या मालकाला मी ओळखतो." पायलटने दोन वेळा नाही म्हटले. तिसऱ्या वेळी अध्यक्षांनी मालकाला फोन लावला. पायलट फोनवर "हो सर" म्हणाला. एवढ्या वेळात माळ मागे गेला होता. आमच्या गल्लीत असे म्हणतात की चोर सोडून संन्याशाला फाशी. मी हे कोणाला उद्देशून म्हणत नाही, आठवले म्हणून सांगितले.

तिसऱ्या किल्ल्याची गच्ची सपाट आणि रुंद आहे. फुगा तिच्यावर इतका खाली आला की टोपली घासली, एकदा उडाली आणि पुन्हा टेकली. पायलट ओरडला, "खाली वाका! दोरी धरा! कोणी उतरायचं नाही!" हे मला स्वच्छ ऐकू आले. विहीणबाईंच्या जबाबात त्यांना आगीच्या आवाजात काही ऐकू आले नाही, असे आहे. आमच्या लेकीने नवऱ्याशी दार लावून कुजबुजलेले त्यांना स्वयंपाकघरात ऐकू येते. त्या मला बाहेर म्हणाल्या, "मी कशाला मधे पडू?" त्यांचे बरोबर आहे. पडायला मी होतेच.

याच वेळी अध्यक्षांनी माझा दंड धरला व म्हणाले, "वजन कमी करायचंय ना? तू उतर. लवकर."

मी म्हटले, "तो नको म्हणतोय."

अध्यक्ष म्हणाले, "त्याला काय कळतंय? उतर म्हणतो ना!"

या ठिकाणी हवालदारांनी मला विचारले की, पायलट स्पष्ट नको म्हणत असताना मी का उतरले. त्यावर सांगते की, मला एकाच वेळी दोन हुकूम मिळाले. एक त्या कामाची परीक्षा दिलेल्या माणसाचा होता आणि एक अध्यक्षांचा. विचार करायला वेळ नव्हता, त्यामुळे सवयीचा ऐकला. पिशवी खाली गच्चीवर टाकली, टोपलीला चढण्या-उतरण्यासाठी असलेल्या भोकात पाय दिला आणि उतरले. माझे वजन त्या काट्यावर सत्तेचाळीस भरले होते. तेवढे कमी होताच फुगा एकदम वर सुटला. पायलटने माझ्याकडे हात केला होता, तो मला धरण्यासाठी, ढकलण्यासाठी नव्हे. त्याची बोटे माझ्या बाहीला लागली. तिथली शिवण उसवली आहे, ती हवालदारांना दाखवली.

वरून अध्यक्षांचे "अगं!" एवढे ऐकू आले. पुढचे वाक्य त्यांच्याबरोबर वर गेले. ते आजवर इतक्या उंचीवर गेले नव्हते. खालच्या मंडळींनी हा कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या.

गच्चीवर मी किती वेळ होते ते नक्की सांगता येत नाही. पहिल्यांदा भीती वाटली. भिंतीला टेकून बसले व थोडे रडले. मग रडू थांबले आणि फार राग आला. 'उतर' म्हणताना त्यांना गच्ची किती खाली आहे, तिला कठडा आहे की नाही, हे काहीच माहीत नव्हते. त्यांनी खाली पाहिलेच नाही. पिशवी पडते तेव्हासुद्धा माणूस वाकून बघतो. हा राग मला अजून आहे आणि तो जबाबात राहू द्यावा.

पुढे कठड्यापाशी उभी राहिले. आमची गल्ली दिसली, आमची गॅलरीही दिसली. दोरीवर अध्यक्षांचे तीन शर्ट होते. तिथून ते बाहुलीच्या कपड्यांएवढे दिसत होते. मला बरे वाटले.

मग किल्ल्याचा पहारेकरी वर आला. मला पाहून त्याची पाचावर धारण बसली. म्हणाला, "बाई, तुम्ही आत कशा आलात? आज किल्ला बंद असतो."

मी म्हटले, "मी आत आले नाही. वरून आले."

तो म्हणाला, "वरून आलात तरी बंद म्हणजे बंद." मग त्याने मला त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली, कुलूप काढले आणि जिना उतरताना माझी पिशवी स्वतः धरली. त्या जिन्यावर समितीच्या अध्यक्षांना त्याने कधी पाहिले आहे का, असे मी विचारले. तो म्हणाला, "फोटोत पाहिलंय."

दरम्यान फुगा भोपळ्याच्या शेतात उतरला. इतका गॅस जळलेला असताना पायलटने तो सुखरूप उतरवला, असे शेतमालकाने सांगितले आहे. अध्यक्षांचा घोटा मुरगळला आहे, पण तो नंतर भोपळ्यावर चढून हात हलवताना मुरगळला. त्यांनी पहिला फोन समितीला, दुसरा मोठ्या साहेबांना केला. मला फोन आला तो विहीणबाईंचा. अध्यक्ष मला ठाण्याच्या दारातच भेटले आणि म्हणाले, "माझी काय अवस्था झाली असेल, याचा जरा तरी विचार केलास का?" मला लागले आहे का, हे पायलटने बाकावरून विचारले.

जबाब सुरू करण्याआधी अध्यक्ष मला म्हणाले की घरातली गोष्ट घरात राहावी, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तू फक्त 'गोंधळात उतरले' एवढेच सांग, बाकी साहेब बघतील. गोंधळात उतरले म्हटले की अध्यक्षांवर काही येत नाही आणि गोंधळ होऊ दिला म्हणून पायलटचा परवाना जातो, हे मला हवालदारांनीच समजावून सांगितले. त्याच्या घरी दोन महिन्यांचे बाळ आहे असेही कळले. पण मी त्या बाळासाठी बोलत नाही. बाळ नसते तरी खरे हेच होते.

तरी माझी पायलटविरुद्ध काहीही तक्रार नाही. अध्यक्षांविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे विचारल्यावर मी थोडा वेळ मागितला. हवालदार म्हणाले, "किती वेळ?" मी म्हटले, "ते मी माझ्या लेकीकडे राहून कळवीन." अध्यक्ष बसले आहेत त्या पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तो जबाबात लिहिण्याची गरज नाही असे हवालदारांचे मत पडले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते मध्ये एका ठिकाणी 'घाईत कोणीतरी उतरण्यास सांगितले' असे म्हणाले. मी त्यांना थांबवून कागद पाहिला, तर कागदावरही तसेच होते. मी सांगितले की टोपलीत 'कोणीतरी' नावाचे कोणी नव्हते. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि पेन उचलले. 'कोणीतरी' खोडून त्या जागी 'माझ्या नवऱ्याने' असे माझ्यासमोर लिहिले व तेवढी ओळ पुन्हा वाचली. पहिल्या वेळी हळू वाचली, म्हणून मी ती आणखी एकदा, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी वाचायला लावली. आता जबाब बरोबर आहे.