जपानी भाताची वळकटी

जुन्नरच्या टांगा अड्ड्यावर बांगडीवाली ताजबी टांग्याची वाट बघत बसली होती. शेजारी दोघी जावा बोलत होत्या आणि ताजबीला कान काही मिटता येत नव्हते.

“आमचा भाऊ जपानात काचकाम शिकून आला, ठकू. त्यानं पोरांसाटी तिकडचा खाऊ शिकवला. कोबीच्या पानावर भात पसरायचा, मधी काकडी ठिवायची, वळकटीवानी गुंडाळायचं आन् चकत्या कापायच्या.”

“भात ऊन लागतो का, आक्का?”

“न्हाई गं, गारच. मी रातचाच घेते.”

“म्हंजी शिळा.”

“शिळा कसा? जपानी हाय त्यो. माजी पोरं मिटक्या मारत्यात.”

“मग ह्यांच्या माघारी माज्या पोरांना तुमी रोज सकाळी जपानीच वाढताय म्हना. काकडी तेवढी घालायची ऱ्हाती.”