नाल्याखालचे चौदा किडे

बाई : ते पत्र आजच द्यायचं काही अडलंय का? उद्या दे की.

ताई : उद्या कसं, बाई? चार वाजता पालिकेत बैठक आहे. रंगाच्या कारखान्याचा नाला नदीत येऊ द्यायचा की बंद करायचा, ते आजच ठरणार. मुख्याध्यापक खाली थांबलेत. मी फक्त तुमची सही घ्यायला वर प्रयोगशाळेत आले.

बाई : वाच बरं एकदा. चष्मा घरी राहिलाय माझा.

ताई : तुमच्या कपाळावर आहे तो. असू द्या, वाचते. ‘आमच्या सातवीच्या मुलांनी काल नदीचे दोन भाग तपासले. तीन शेपट्यांचे किडे नाल्याच्या वरच्या बाजूला नऊ सापडले, खालच्या बाजूला चौदा. हे किडे घाण पाण्यात जगत नाहीत. म्हणजे नाल्यामुळे नदी बिघडल्याचे दिसत नाही.’

बाई : हे शेवटचं वाक्य तू लिहिलंस? वर्षभर त्या नाल्याच्या नावाने बोटं मोडत होतीस ना?

ताई : मोडत होते. पण मुलांनी मोजलंय, आणि तुमच्यासमोर मोजलंय. वाटतं ते लिहायचं नाही, दिसतं तेवढंच लिहायचं. मी सातवीत होते तेव्हा तुम्हीच सांगितलंत, याच बाकावर.

बाई : हो, आता माझंच मला ऐकव.

ताई : चिडलात का? अहो, तुमचे चौदा ऐकून मला काल खरंच आनंद झाला.

बाई : तेच ना! तुला मेलीला धड जळतासुद्धा येत नाही!

ताई : म्हणजे?

बाई : दार लोटून घे. बावीस वर्षं मी मुलांना नदीवर नेतेय. काठावर रांगेत उभं करून, तक्ता दाखवून. तू आलीस आणि पँट दुमडून सरळ पाण्यात. मी बाईची बाईच राहिले, तू मात्र लगेच ताई. शाळेच्या नदी मंडळाच्या यादीत तुझ्याकडे एकेचाळीस नावं, माझ्याकडे नऊ. त्यातली दोन तुझ्याकडे जागा उरली नाही म्हणून आली.

ताई : नव्याची नवलाई असते हो, बाई.

बाई : नवलाई दोन वर्षं टिकत नसते. तू चांगलं शिकवतेस. माझ्याहून चांगलं. ते दिसायचं आणि माझ्या पोटात दुखायचं. माझ्याच हाताखाली शिकलेली पोर! काल चिठ्ठीत वरचा काठ तुला आला, खालचा मला. तिकडे तुझ्या मुलांचा नुसता आरडाओरडा, ‘सापडला, सापडला!’ इकडे माझी पोरं घाण पाण्यातल्या लाल अळ्या चिवडत बसलेली. एक जण तर म्हणाला, ‘बाई, आपण ताईंच्यात जाऊ या का?’

ताई : अगबाई!

बाई : मग सगळी डबे खायला बसली तेव्हा मी वर गेले. तुमच्याही वर, जोराच्या धारेत. बादलीत चौदा किडे धरले आणि आणून आमच्या दगडांखाली सोडले.

ताई : तुम्ही?

बाई : मीच. गुडघ्यांचं कारण सांगून पाण्यात न उतरणारी मी.

ताई : मुलांची तोंडं उतरली म्हणून केलंत ना?

बाई : मला सोडवू नकोस. तुझे नऊ झालेले ऐकले होते मी. मुलांसाठी दोन पुरले असते. मला तुझ्यावर मात करायची होती. आज सकाळी बघून आले. मेले बिचारे.

ताई : आणि मी हे पत्र घेऊन निघाले होते! वर्षभराच्या नदीच्या नोंदवह्या बाजूला सारून! तो नाला कायमचा नदीत आला असता, बाई!

बाई : म्हणून तर सही होईना माझ्याने. बोल मला, काय बोलायचं ते बोल.

ताई : नंतर बोलेन. आधी जुन्या वह्यांवरून दुसरं पत्र लिहिते. पण मुख्याध्यापकांना कोण सांगणार? मुलांना?

बाई : मीच सांगेन. आमच्यातला पहिला किडा त्या चिमणीला सापडला, आमच्या गटातल्या पोरीला. वर्गात कधी तोंड उघडत नाही, काल केवढ्या उड्या मारल्या तिने. आधी तिला सांगते. पाठव तिला, शेजारच्या वर्गात आहे.

(ताई जाऊन एका लहानखुऱ्या मुलीला घेऊन येते.)

मुलगी : बोलावलंत, बाई?

बाई : बस, चिमणे. कालचे ते किडे तिथले नव्हते. मी वरून आणून सोडले होते. खोटं केलं मी, फार चुकले.

मुलगी : मला वाटलंच होतं. तो दगड मी डबा खायच्या आधी उलटून पाहिला होता. खाली काहीच नव्हतं. वहीत तसं लिहिलंही होतं, नंतर खोडलं.

बाई : खोडलंस कशाला?

मुलगी : तुम्ही पाण्यात उभ्या राहून हसत होतात, बाई. म्हटलं, असू दे.