चिकट गोगलगाय, शून्य-चार

...आणि वर मलाच म्हणतात, नोरीन, तू फार हट्टी बाई आहेस. आता तुम्हीच सांगा, हट्टी मी, की ती सात माणसं, ज्यांनी एक बिचारं कार्ड धड वाचायच्या आधीच मोडीत काढलं?

तुम्हाला सांगते, टास्मानियात आमच्या लॉन्सेस्टनला बेकरीच्या वर क्लाइव्हचं कार्डांचं दुकान आहे. लढाईची कार्डं हो, ड्रॅगन, राक्षस, कोळी, सगळं. सहा वर्षं दर शनिवारी दुपारी मी तिथे. वय अठ्ठावन्न. आठवडाभर नर्सरीत रोपांवरच्या गोगलगायी वेचून मारते आणि शनिवारी त्यांचीच बाजू घेऊन भांडते... असू दे, ते पाप-पुण्य माझं मी बघेन.

तर नवीन कार्डं आली की क्लाइव्ह भिंतीवर यादी लावतो, आणि आम्ही आठ जणांनी एकेका कार्डाला पाचपैकी गुण द्यायचे. आता यात आमच्या दुकानाचा एक नियम आहे, जगात दुसरीकडे नसेल! ज्या कार्डाला तुम्ही पूर्ण पाच द्याल, ते महिनाभर तुम्ही खेळायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालत नाही. यादीत आली चिकट गोगलगाय. प्रत्येक प्राण्याखाली दोन आकडे असतात, पहिला मारायचा, दुसरा सोसायचा. हिचा पहिला शून्य, दुसरा चार. आमचा रसेल, औषधाच्या दुकानात असतो, प्रत्येक कार्डाकडे मुदत संपलेल्या बाटलीसारखं बघतो, त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "शून्य? ही लढाईत जाऊन करणार काय, लाजणार?" सगळे खो खो. आणि ओडेट, माझी मैत्रीण, हो, मैत्रीणच म्हणायची, ती काय म्हणते? "चहाच्या कपाखाली ठेवायला बरी आहे. अर्धा गुण द्या, जाडीचा."

मी म्हटलं, "अरे, खाली एक ओळ आहे, ती वाचा की. जो हिला धडकेल तो चिकटणार, पुढच्या दोन पाळ्या हलणार नाही."

"पण मारत नाही ना ती?" रसेल.

"सोसते ना!"

"सोसून कोण जिंकलंय, नोरीन?"

घ्या. आता याला काय सांगणार? दुसरा आकडा कुणी वाचतच नाही हो!

क्लाइव्ह पेन्सिल घेऊन उभा. "नोरीन, तुझे किती?" आणि माझ्या तोंडून गेलं, पाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण महिना साधा नव्हता... महिनाअखेरीला पहिले चार जण होबार्टला राज्याच्या स्पर्धेला जातात, आणि मी सहा वर्षं पाचवी! सहा वर्षं मी त्या चौघांना सँडविच बांधून देते, क्लाइव्हची व्हॅन वळेपर्यंत हात हलवते, आणि घरी येऊन भांडी आदळते. मला जायचं होतं हो. फार जायचं होतं. आणि मी माझी जागा कुणाच्या पाठीवर ठेवली, तर गोगलगायीच्या.

पण ठरवलं म्हणजे ठरवलं. आमच्यात पाकिटं फिरतात, म्हणजे प्रत्येकाने आपलं पाकीट फोडून एक कार्ड ठेवायचं आणि उरलेली डावीकडच्याला द्यायची; ठेवलेल्यांचाच आपला गठ्ठा. गोगलगाय कशी यायची माझ्याकडे? सातांच्या हातून नाकारली जाऊन, अगदी शेवटी, ओडेटच्या हातातल्या केकच्या तुपकट डागासकट. मी घेतली. एक, दोन, चार गोगलगायी! लोक ड्रॅगन जमवतात, मी संसार मांडला. आणि रडतखडत, तीन आठवडे नाकी नऊ येत, मी पोचले चौथ्या जागेच्या डावापर्यंत. समोर कोण? रसेल.

शेवटच्या डावाला आमच्याकडे घड्याळ लावत नाहीत. हे रसेल विसरला. त्याने ड्रॅगन काढला, आठ-आठ, टेबलावर असा ठेवला की कप हलले. "धडक." मी गोगलगाय पुढे केली. मेली बिचारी, पण ड्रॅगन चिकटला. "बरं. राक्षस, पाच-तीन, धडक." दुसरी गोगलगाय. हिने चारही सोसले... नाही, पाच होते, हीसुद्धा मेली, खोटं कशाला बोलू. पण राक्षसही चिकटला! आणि मेलेल्या परत उठवायचं कार्ड माझ्याकडे होतं, त्यालाही सगळ्यांनी एकच गुण दिला होता. पुन्हा गोगलगाय, पुन्हा चिकट. एक तास गेला. दीड तास गेला. ओडेट म्हणाली, "नोरीन, संपव ना, खाली बेकरी बंद होईल." मी म्हटलं, "होऊ दे." आणि पुढची गोगलगाय सरकवली.

आता रसेलला खोड अशी, की एका कार्डाच्या जागी दोन-दोन ओढायची. आणि नियम काय? गठ्ठा संपला, ओढायला कार्ड उरलं नाही, की माणूस हरला. त्याने हात पुढे केला... खाली नुसतं टेबल. बोटांनी टेबल चाचपलं हो त्याने. मी त्याला एकदाही मारलं नव्हतं! क्लाइव्हने यादीवर माझं नाव चौथं लिहिलं आणि मी संडासात जाऊन पाच मिनिटं रडले.

इथेच थांबायला हवं होतं, नाही का? पण रसेल घरी जाऊन गप्प बसेल तर ना. त्याने रात्रीत इंटरनेटवर भलामोठा लेख टाकला, 'चिकट गोगलगायीचा फेरविचार', आकडेमोडीसकट, खाली स्वतःचं नाव. मी त्यात कुठे? "आमच्या दुकानातल्या एक बाई." अख्ख्या टास्मानियाने वाचला. झालं! सहा वर्षं दुसरा आकडा कुणी वाचत नव्हतं, आता सगळे दुसराच वाचायला लागले.

होबार्टला गेले. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून, दुसऱ्याने बांधलेलं सँडविच खात. पाकिटं फुटली, फिरली. गोगलगाय? पहिल्याच फेरीत गायब, टेबलावरच्या सातही जणांनी झडप घातली. माझ्या हातात शेवटी राहिलं ओलं वटवाघूळ. शेजारची बाई कळवळून म्हणाली, "अरेरे, तुम्हाला अगदीच टाकाऊ आलं." मी मान ताठ करून म्हटलं, "बाई, घाई करू नका, आधी वाचा तरी नीट."

तीनदा वाचलं हो मी ते. खरंच काही नाही त्यात.