बार्बाडोसला कोण कोण जाणार

परदेशात, मनुरेवाच्या दवाखान्यात मागच्या बाकावरून मराठी कानावर पडलं, तसे नंबराची वाट बघत बसलेल्या जनार्दनरावांनी कान टवकारले. मायलेक बोलत होते.

"आई, जुलैत बार्बाडोसला गर्दी नसते, पण उकाडा, वादळाचे दिवस. तू हॅमिल्टनला ताईकडे राहा."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पोरांना घेऊन समुद्रात पोहणार. तू काय, चपला राखत बसणार?"

"चपला तू राख. मी पोहणार."

"तू? कधी शिकलीस?"

"तू ऑफिसला गेलास की स्विमिंग पूलवर जाते. आमच्या वयाच्या बायकांचा क्लास असतो."

"मला बोलली नाहीस!"

"म्हटलं, आधी अख्खा पूल पार करू. काल केला."

मुलानं खिशातून फोन काढला. बहिणीला लावला.

"ताई, आईचंही तिकीट काढतोय. अगं, आई पोहते! आपली आई!"

"हळू बोल रे, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"