भिंतीवरचं एक नाव

शिकागोत विजयाची मिरवणूक ओसरली, रस्त्यावर निळ्या कागदांचा पाचोळा उरला. शंभर वर्षं हुलकावणी देणारं अजिंक्यपद आमच्या बेसबॉल संघानं जिंकलं होतं. ते पाहायला जे उरले नाहीत, त्यांची नावं लोक मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूनं लिहीत होते. माझ्यापुढे आयोवाहून आलेलं म्हातारं जोडपं होतं.

“झालं का, वेंडेल? पायांचे दगड झालेत माझ्या.”

“बाबांचं झालं, अर्लीन. एकच राहिलंय.”

“हे कोणाचं? अरे देवा, स्वतःचंच?”

“जागा होती जरा.”

“ही भिंत गेलेल्यांची आहे. आधी पूस ते!”

“डॉक्टर काय म्हणाले, तूही ऐकलंस. मी पुन्हा कुठला येतोय इथे?”

“एप्रिलमध्ये येऊ, पहिल्या सामन्याला.”

“तोवर राहिलो तर.”

“नाही राहिलास, तर मी येईन.”

“एकटी? तुला तर या खेळातलं ओ की ठो कळत नाही.”

“नाव लिहायला खेळ कशाला कळायला हवा? आणि तुझं हे गिचमिड अक्षर वाचणार कोण? मी लिहीन, चांगलं ठळक.”

“खरंच येशील?”

“येईन म्हटलं ना. पूस आता.”

“रुमाल दे तुझा.”