ज्याची चूक, त्याचं गाढव

टीमलीड : ...दोन दिवसांच्या कामाला तीन आठवडे! तुझ्या नावाचा हा तक्रारीचा कागद वर गेला की शुक्रवारी तू टीमबाहेर. मी तरी किती वेळा तुझी बाजू घेऊ?

प्रोग्रामर : काम दोन दिवसांचंच होतं, सर.

टीमलीड : मग बाकीचे दिवस काय माशा मारत होतीस? हॉस्पिटलवाले रोज बोंबलतायत, आपलं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर एकच वेळ दोघांना देतं, दोन-दोन पेशंट येऊन उभे राहतात म्हणून.

प्रोग्रामर : अडले होते.

टीमलीड : मग विचारायचं! कोपऱ्यात आपल्या टीमचे 'आजोबा' बसलेत. वीस वर्षं हेच करतायत. पाच मिनिटांत सांगितलं असतं.

प्रोग्रामर : आणि सहाव्या मिनिटाला सगळ्यांच्या टाळ्यांत गाढव माझ्या टेबलावर.

टीमलीड : अगं, प्लॅस्टिकचं खेळणं ते! ज्याची चूक, त्याच्याकडे आठवडाभर. तेवढीच गंमत.

प्रोग्रामर : मागच्या खेपेला माझ्याकडे होतं तेव्हा एक क्लायंट आला होता. तुम्ही ओळख करून दिलीत, 'ही आमची या आठवड्याची गाढवीण.' तो हसला. मीही हसले. मग संडासात जाऊन नळ सोडला आणि रडले.

टीमलीड : एवढं मनाला लावून घेतात का? आमचे साहेब फाईल तोंडावर फेकायचे.

प्रोग्रामर : तुम्ही गाढव आणलंत. सुधारणा आहे.

टीमलीड : जीभ आवर! भिंतीवरचा तक्ता बघ. गाढव आलं आणि चुका महिन्याला बावीसवरून दोनवर आल्या.

प्रोग्रामर : चुका तेवढ्याच आहेत, सर. सांगणं बंद झालंय. आजोबा आपली चूक घरी नेऊन निस्तरतात. खिडकीजवळचे दोघं एकमेकांचं झाकतात. मला झाकता येत नाही, म्हणून कागदावर माझं नाव.

टीमलीड : स्वतःची चूक लपवायला सगळ्यांना चिखलात ओढू नकोस.

प्रोग्रामर : माझी नव्हतीच ती.

टीमलीड : मग कुणाची? नाव सांग. आत्ताच्या आत्ता!

(ती लॅपटॉप त्याच्याकडे वळवते. तो वाचत जातो, आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबतं.)

टीमलीड : ...हे मी लिहिलंय.

प्रोग्रामर : गेल्या वर्षी. तुमच्या ओळींना हात न लावता बाजूनं वाट काढत होते. तीन आठवडे.

टीमलीड : सरळ येऊन सांगायचं ना मला!

प्रोग्रामर : मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची?

टीमलीड : अजून कुणी पाहिलंय हे?

प्रोग्रामर : खाली बघा. माझ्या आधी तिघांनी तशाच वाटा काढल्यात. कुणी कुणाला विचारलं नाही, म्हणून एकीवर दुसरी आपटते. दोन पेशंट येतात ते त्यातूनच.

टीमलीड : दार लाव. हळू बोल जरा. कागद राहू दे तूर्तास... हे वर कळलं तर माझं काय होईल, कल्पना आहे तुला?

प्रोग्रामर : आहे, सर. भीती वाटतेय ना? आता ती घेऊन आठ तास काम करून बघा.